भाच्याची मोटारखरेदी

सन २०२५ च्या एप्रिल महिन्यात धाकट्या बहिणीच्या नातवाच्या बाप्तिस्म्याचे निमित्त झाले आणि मी आयुष्यात प्रथमच इंग्लंडला गेलो. स्विंडन हे गाव आता गोव्यातील घराघरांत ठाऊक झाले आहे. पोर्तुगीज अमदानीत जन्मलेल्या आजोबांच्या कागदांवर पोर्तुगालचे नागरिकत्व मिळवून आपली कितीतरी मुले तिकडे गेली, तिथल्या गोदामांत, कारखान्यांत आणि इस्पितळांत लागली व स्थिरावली. एके काळी हे रेल्वेच्या कारखान्याचे गाव होते. तो कारखाना १८४३ साली सुरू झाला आणि १९८६ साली बंद पडला. होंडाचा मोटारींचा कारखानाही २०२१ साली बंद झाला. पण गावाला मोटारींचे वेड ते राहिलेच.

म्हापशाला मी एकतीस वर्षे मोटारदुरुस्तीचा धंदा केला. त्यामुळे बाप्तिस्म्याचा सोहळा आटोपून चार दिवस झाले नाहीत तोच भाचा माझ्यापुढे येऊन बसला. "मामा, तुम्ही आलाच आहात तर एक काम करा. मला गाडी घ्यायची आहे. तुम्ही बघितल्याशिवाय मी पैसे देणार नाही."

त्याची जुनी डिझेल गाडी चौदा वर्षांची झाली होती. सात वर्षे पै पै साठवून नवराबायकोने २४,००० पौंड बाजूला टाकले होते. त्यांतले ५,००० पौंड माझ्या बहिणीच्या डिचोलीच्या घराचे छप्पर नवे करण्यासाठी राखलेले. गेल्या दोन पावसाळ्यांत त्या घरात रात्री पातेली मांडावी लागत होती, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. म्हणजे गाडीसाठी हाती उरत होते एकोणीस हजार. एवढ्या पैशांत नवी साधी गाडी येऊ शकते. परंतु भाच्याचे मन बसले होते ते वापरलेल्या, उंची जातीच्या, पेट्रोल आणि वीज अशा दोन्हींवर चालणाऱ्या आणि पुढच्या वाहनापासून आपोआप अंतर राखणाऱ्या मोटारीवर. हौस म्हणावी, तर तो हौशी नाही. कारण वेगळे होते आणि ते त्याने मला त्या दिवशी सांगितले नाही.

प्रथम ही मोटार म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्याकडे याविषयी पुष्कळ घोटाळा आहे. हायब्रिड म्हणजे संकरित गाडी दोन प्रकारची असते. एक साधी. तिच्यात छोटी बॅटरी असते, ती ब्रेक लावताना व इंजिन चालताना आपोआप भरते आणि तिला प्लग लावावा लागत नाही. दुसरी प्लगची. तिच्यात मोठी बॅटरी असते, ती घरच्या भिंतीतून भरून घ्यायची, पहिले पंधरा-वीस-तीस मैल विजेवर जायचे आणि वीज सरली की पेट्रोलचे इंजिन पुढचा भार उचलते. भाच्याच्या डोळ्यांसमोर जी होती ती व्होल्व्होची एक्ससी-६०, टी-८ या नावाची. तिच्या पुढच्या चाकांना दोन लिटरचे पेट्रोल इंजिन आणि मागच्या चाकांना विजेची मोटर. २०१९ च्या गाडीत बॅटरी १०.४ युनिटांची, पुढे ती ११.६ ची झाली आणि २०२२ च्या गाड्यांपासून १८.८ ची. बीएमडब्ल्यूच्या ५३०-ई या गाडीचीही तीच कथा: आधी ९.२, मग २०१९ मध्ये १२. तेव्हा एकाच नावाच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असल्या तरी त्यांच्या पोटात बरेच अंतर असते. जाहिरातीत हे कोणी ठळक अक्षरांत लिहीत नाही. नोंदणीचे साल पाहूनच ते ओळखावे लागते.

इंग्लंडच्या जुन्या बाजारात अशा गाड्या विपुल का, याची मला मौज वाटली. तिथे कंपनीने नोकराला गाडी दिली की त्याला तिच्यावर कर भरावा लागतो, आणि २००२ पासून हा कर गाडीच्या धुरावर ठरतो. प्लगच्या गाडीचा धूर कागदावर अत्यल्प, म्हणून कर अत्यल्प. साहजिकच साहेबलोकांनी भराभर या गाड्या घेतल्या. सरकारही नव्या गाडीला अनुदान देत असे; प्लगच्या हायब्रिडसाठी ते नोव्हेंबर २०१८ मध्ये थांबले. मात्र त्यांतल्या अनेकांनी गाडीला प्लग म्हणून कधी लावलाच नाही. पेट्रोलचे बिल कंपनी देते, विजेचे बिल घरी येते, मग लावतो कोण? २०१८ साली कंपन्यांच्या गाड्यांचा हिशेब ठेवणाऱ्या एका संस्थेने आकडे काढले, तेव्हा कागदावर गॅलनला सुमारे १३० मैल देणाऱ्या या गाड्या प्रत्यक्षात ४० च्या आसपास देत असल्याचे दिसून आले.

आम्ही पाहिलेली पहिलीच गाडी त्या जातीची निघाली. रंग काळा, चामड्याच्या बैठका, आत शिरताच नव्या बुटांच्या दुकानासारखा वास. मी मागचे झाकण उघडून तळाची फळी उचलली. चार्जिंगची केबल कारखान्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत, तिची चिकटपट्टीही न सोललेली! भाचा खूष झाला. "म्हणजे बॅटरी नवीच की, मामा!" त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. बॅटरी कमी वापरली गेली म्हणून ती बिघडली असे होत नाही. पण मी त्याला दुसरी बाजू दाखवली. गाडीने ७१,००० मैल केले होते आणि ते सारे एकट्या पेट्रोल-इंजिनाने ओढले होते, तेही बॅटरीचे ओझे अंगावर घेऊन. मग तेलबदलाच्या नोंदी पाहू गेलो तर मधली दोन वर्षे कोरी! विक्रेता म्हणाला, संगणकात असतील. संगणकात नव्हत्या. आम्ही निघालो.

दुसरी गाडी एका खासगी गृहस्थाची. किंमत दोन हजारांनी कमी, जाहिरातीत 'क्रूझ कंट्रोल' लिहिलेले. इथेच पुष्कळ लोक फसतात. साधे क्रूझ कंट्रोल म्हणजे पायाने दाबून न धरता गाडी एका वेगावर ठेवणारे साधन. त्याचा जनक अमेरिकेतील राल्फ टीटर नावाचा इंजिनियर, जो लहानपणीच अपघाताने अंध झाला होता. त्याचा वकील बोलता बोलता गाडीचा वेग कमीजास्त करी, त्याचा टीटरला वैताग येई आणि त्यातून ही कल्पना सुचली असे सांगतात. त्याला १९५० साली पेटंट मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायस्लर कंपनीने ते गाडीत बसवले. डोळ्यांना न दिसणाऱ्या माणसाने डोळस चालकांना वेग सांभाळायला शिकवले, हे मला फार विलक्षण वाटते.

परंतु हे साधे यंत्र पुढे कोण आहे ते पाहत नाही. अडॅप्टिव्ह, म्हणजे परिस्थितीशी जुळवून घेणारे, क्रूझ कंट्रोल निराळे. त्याला रडार असते. काही गाड्यांत समोरच्या जाळीमागे, काहींत वरच्या काचेमागे, आणि बहुधा जोडीला कॅमेरा. रडारच्या लहरी पुढच्या वाहनावर आपटून परततात, त्यावरून अंतर व वेगातला फरक कळतो, आणि गाडी स्वतः पेट्रोल कमी करते वा ब्रेक लावते. मर्सिडीझने १९९० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या सर्वांत मोठ्या गाडीत हे आणले. उंची गाडीत ते असणारच असे धरून चालू नये. पुष्कळ वर्षे ते पदरचे जादा पैसे मोजून घ्यावे लागे आणि पहिल्या मालकाने ते वाचवले असतील तर गाडी कितीही झकपक असो, ते साधन तिच्यात नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. चाकावर वेगाच्या बटणांबरोबर अंतर कमीजास्त करण्याचे बटण असते. त्यावर बहुधा गाडी आणि तिच्यापुढे आडव्या रेघा काढलेल्या असतात. त्या गृहस्थाच्या गाडीला ते बटण नव्हते. आणखी एक निघाले. काही पौंड भरून गाडीच्या क्रमांकावरून चौकशी करता येते, ती भाच्याने केली, तर गाडीवर कर्ज शिल्लक! हप्ते फिटेपर्यंत अशी गाडी कर्ज देणाऱ्या कंपनीचीच असते. अजाणतेपणी घेणाऱ्या खासगी खरेदीदाराला तिथला कायदा काहीसे संरक्षण देतो, पण जाणूनबुजून त्या खड्ड्यात पाय कोण घालील? गृहस्थ म्हणाले, तुमच्या पैशांतून फेडतो. मी भाच्याला कोपराने खुणावले.

त्या रात्री भाचा कामावर गेला. तो रेडिंगजवळच्या एका गोदामात आठवड्याच्या चार रात्री काम करतो. जाणे चाळीस मैल, येणे चाळीस मैल, सगळा एम-४ नावाचा महामार्ग. मी स्वयंपाकघरात चहा घेत बसलो होतो. भाचेसून बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालीत होती. ती इस्पितळात परिचारिका आहे, मोजके बोलते. एकाएकी थांबून म्हणाली, "मामा, तुम्हाला त्यांनी जानेवारीतलं सांगितलं का?"

नव्हते सांगितले. जानेवारीत पहाटे साडेसहाला कामावरून परतताना त्याला डुलकी लागली. रस्त्याच्या कडेला खरबरीत पट्टी असते, तिच्यावर चाके घासली, त्या आवाजाने तो जागा झाला. डाव्या बाजूला कठडा हातभर अंतरावर होता. तेव्हापासून ही आपोआप अंतर राखणारी गाडी त्याच्या डोक्यात बसली होती.

"ती गाडी त्यांना जागं ठेवणार आहे का, मामा?" तिने विचारले.

नाही, असे मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार? रडार पुढच्या गाडीपासून अंतर ठेवते. ते तुमच्या पापण्यांकडे पाहत नाही. काही गाड्यांत मार्गिकेत राहण्यास मदत करणारे चाकाचे साधनही असते, पण त्याला चाकावर हात लागतो आणि हात सुटला तर ते ओरडून मग थांबते. शिवाय ही यंत्रे चालत्या वाहनाला बरे ओळखतात. वेगात असताना अचानक समोर येणारे उभे वाहन त्यांना प्रत्येक वेळी ओळखता येतेच असे नाही, हे गाडीबरोबरच्या पुस्तकातच छापलेले असते. आणि माझी भीती उलटी होती. पायाचे काम काढून घेतले की थकलेल्या माणसाला झोप अधिक लवकर येते. गोव्याहून मुंबईला रात्रीच्या गाड्या नेणारे ड्रायव्हर मी आयुष्यभर पाहिले. चढउताराच्या, वळणांच्या घाटात कोणी सहसा झोपत नाही, झोप लागते ती सरळ सपाट रस्त्यावर.

दुसऱ्या दिवशी हे मी भाच्याला सांगितले. त्याला राग आला. मग दुपारी झोपून उठल्यावर तो शांत झाला होता. तेव्हा आम्ही तिघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि खरी हकीकत विजेच्या हिशेबाने बाहेर काढली.

हिशेब असा. ती १०.४ युनिटांची बॅटरी पूर्ण भरण्यास भिंतीतून नऊ-दहा युनिटे लागतात. तेवढ्यात प्रत्यक्ष रस्त्यावर अठरा मैलांच्या आसपास जाता येते. कडाक्याच्या थंडीत त्याहून कमी. तेवढेच अठरा मैल पेट्रोलवर जायचे तर अर्धा गॅलन, म्हणजे सव्वादोन लिटर, म्हणजे त्या दिवसांच्या भावाने सुमारे तीन पौंड. दिवसाच्या विजेचा दर युनिटला पंचवीस पेन्सच्या वर, तेव्हा दिवसा बॅटरी भरली तर खर्च अडीच पौंड. बचत काय? पन्नास पेन्स! रात्रीच्या खास दराने मात्र युनिट दहा पेन्सहूनही स्वस्त मिळते. तेव्हा पाऊण पौंडात काम होते आणि दर वेळी सव्वादोन पौंड वाचतात. आता पाहा: आठवड्यातल्या चार रात्री वीज स्वस्त होते तेव्हा भाच्याची गाडी रेडिंगच्या गोदामाच्या अंगणात उभी असते, जिथे प्लग नाही! आणि चाळीस मैलांच्या फेरीत पहिले अठरा सोडले तर बाकी जाऊन-येऊन बासष्ट मैल पेट्रोलच जळणार, बॅटरीचे ओझे वाहत.

मी स्पष्टच म्हणालो, "अरे, तुझ्या कामाला टोयोटाची साधी हायब्रिड कोरोला पुरे. प्लगची भानगड नाही, आणि २०१९ पासूनच्या त्या गाडीत अंतर राखणारे साधन मुळातच असते." आजही माझे मत तेच आहे. रोज लांब महामार्ग तुडवणाऱ्याने प्लगची गाडी घेऊ नये. जिथे घर ते इस्पितळ, इस्पितळ ते शाळा, शाळा ते बाजार अशा पाच-सात मैलांच्या खेपा आहेत, आणि रात्री गाडी स्वतःच्या अंगणात उभी राहते, तिथेच ती शोभते. स्विंडनच्या जुन्या वस्तीतल्या ओळीच्या घरांना अंगणच नाही. पदपथावरून केबल ओढणे धोक्याचे असते व सहसा त्याला मुभाही नसते. सुदैवाने भाच्याच्या घरापुढे एका गाडीपुरती जागा होती.

भाचेसून मात्र कागदाकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने पेन्सिल घेतली आणि रात्रपाळीच्या जादा भत्त्याचा आकडा एका बाजूला मांडला. दुसऱ्या बाजूला तिने विजेची बचत मांडली, तिच्या इस्पितळाच्या खेपांची बचत मांडली, आणि खाली काही न लिहिता एक रेघ ओढली. "गाडी रात्री घरी असली," ती म्हणाली, "तर माणूसही घरीच असेल ना?" भत्त्याचा आकडा मोठा होता, बचतीने तो भरून निघणार नव्हता, ते तिलाही दिसत होते. भाचा काही बोलला नाही. पण दोन दिवसांनी त्याने दिवसपाळीसाठी अर्ज दिला.

तिसरी गाडी ही ती व्होल्व्हो. मार्च २०१९ ची नोंदणी, ५८,००० मैल, एका व्यापाऱ्याकडची, किंमत १८,७५० पौंड. साल पाहून मी मनात हिशेब केला, कारण तिथल्या रस्ताकराची एक खोच आहे. एप्रिल २०१७ नंतर नोंदलेल्या आणि नवी असताना ४०,००० पौंडांहून अधिक किमतीच्या गाडीवर दुसऱ्या वर्षापासून पाच वर्षे जादा कर बसतो. तुम्ही ती जुनी म्हणून निम्म्या किमतीत घ्या, कर मूळ किमतीवरच ठरतो. २०२५-२६ साली साधा कर १९५ पौंड आणि हा जादा ४२५. दोन वर्षांनी नवी असलेली गाडी घेतली असती तर वर्षाला ६२० भरावे लागले असते. या गाडीची ती पाच वर्षे नुकतीच सरली होती. याची दुसरी बाजूही होती. बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा १,००,००० मैल, यांपैकी जे आधी येईल ते. म्हणजे हमीची दोन वर्षेही उरली नव्हती.

मी आदल्या दिवशी फोन करवून व्यापाऱ्याला बजावले होते की गाडी पूर्ण भरून ठेवा. जाऊन पाहतो तो बॅटरी रिकामी! विसरलो, म्हणाला. आम्ही चार तास थांबलो. ज्याला ही गाडी घ्यायची त्याने थांबावेच, नाहीतर परत यावे. कारण गाडी भरते की नाही, केबल सुस्थितीत आहे की नाही आणि भरल्यावर निव्वळ विजेवर ती किती मैल जाते, हे पाहिल्याशिवाय तुम्ही विजेची गाडी घेत नसून पेट्रोलची जड गाडी घेत असता. भरल्यावर पडद्यावर दिसणाऱ्या मैलांच्या आकड्यावरही भरवसा ठेवू नये. तो आधीच्या चालकाच्या पायावर अवलंबून असतो. आम्ही केवळ विजेची पद्धत निवडून गावात हिंडलो. वाटेत 'मॅजिक राउंडअबाउट' लागले. १९७२ साली बांधलेला हा चौक म्हणजे एका मोठ्या वर्तुळाभोवती पाच लहान वर्तुळे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून गाडी काढणारा मीसुद्धा तिथे डोळे मिटून घेतले. पेट्रोल-इंजिन सतराव्या मैलावर सुरू झाले. सहा वर्षांच्या बॅटरीला हे बरे म्हणावे.

मग महामार्ग. वेग साठावर ठेवून अंतर सर्वांत लांब ठेवायला मी भाच्याला सांगितले. एका मालमोटारीमागे आलो तसा गाडीने हलकेच वेग उतरवला, जसा एखादा शहाणा घोडा आपणहून पाऊल आवरतो. एक गाडी मध्येच घुसली, तेव्हा तिने ब्रेक लावला, पण माझ्या मनाला हवा होता त्याच्या क्षणभर उशिरा. भाच्याचा पाय ब्रेकवर आधीच गेला होता. मी म्हणालो, पाय असाच राहू दे.

परत आल्यावर मी काचा तपासल्या. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कारखान्याची खूण असते. समोरच्या मोठ्या काचेची खूण इतरांशी जुळत नव्हती. म्हणजे ती बदललेली होती. एरवी यात काही वावगे नाही, दगड उडून काच फुटतेच. पण ज्या गाडीची दृष्टी त्या काचेतून जाते, तिची काच बदलल्यावर कॅमेरा व रडार पुन्हा नेमके जुळवून घ्यावे लागतात. किंचित कलले तरी शंभर यार्डांवर ते शेजारच्या मार्गिकेतल्या गाडीकडे पाहू लागतील. जुळवणीचा कागद दाखवा, असे आम्ही म्हटले. व्यापाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. आजवर कोणी मागितला नव्हता, म्हणे. कागद नसेल तर जुळवून द्या, आम्ही बुधवारी येतो, असे सांगून आम्ही निघालो. भाच्याचा चेहरा बसमध्ये पडलेला होता. गाडी हातची जाईल अशी त्याला धास्ती. बुधवारी कागद मिळाला, तोही त्याच आठवड्यातल्या तारखेचा.

बाकीची तपासणी लवकर सांगतो. तिथे तीन वर्षांनंतर गाडीची दरवर्षी सरकारमान्य तपासणी होते आणि तिचा इतिहास, प्रत्येक वेळच्या मैलांसकट, कोणालाही फुकट पाहता येतो. मैल मागे फिरवले असतील तर तिथे पितळ उघडे पडते. कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांची यादीही तशीच पाहावी. २०२० साली बीएमडब्ल्यूने बॅटरीच्या घटांत कण राहिल्यामुळे जगभरातल्या सुमारे २६,००० प्लगच्या गाड्या परत बोलावल्या आणि मालकांना तोवर प्लग लावू नका असे कळवले होते. या गाडीच्या इतिहासात एक शेरा होता: मागील ब्रेकच्या चकत्या गंजलेल्या. या गाड्यांचा वेग विजेची मोटरच पुष्कळसा उतरवते, ब्रेक कमी वापरले जातात आणि तिकडे हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेले मीठ चकत्या खाते. त्या शेऱ्यावर बोट ठेवून आम्ही ३५० पौंड कमी करून घेतले. १८,४०० ला सौदा ठरला. पाचशे पौंडांची इसार-रक्कम भाच्याने क्रेडिट कार्डावर भरली; १९७४ च्या कायद्याप्रमाणे किंमत ३०,००० पौंडांपर्यंत असेल तर त्यामुळे साऱ्या व्यवहाराला कार्ड देणारी बँकही जबाबदार राहते. व्यापाऱ्याकडून घेतलेली गाडी सदोष निघाली तर ३० दिवसांत परत करण्याचा हक्क २०१५ च्या कायद्याने आहेच. खासगी माणसाकडून घेणाऱ्याला तो नाही.

गाडी दारात आली तेव्हा शेजारपाजारची गोव्याची मंडळी जमली. सर्वांना कौतुक कशाचे, तर गिअरच्या दांड्याचे! तो स्वीडनच्या ओरेफोर्स या नामांकित काचकारखान्याचा, स्फटिकाचा आहे. एका म्हाताऱ्या बाईंनी त्यावर हात फिरवून पाहिला.

इकडे आल्यावर मला विचारतात, तशी गाडी आपल्याकडे मिळते का? व्होल्व्होने एक्ससी-९० ही मोठी प्लगची गाडी २०१६ साली भारतात आणली होती, सव्वा कोटीच्या घरात. जुनी गाडी तिकडून आणावी म्हटले तर आयातकर गाडीलाच खाऊन टाकतो. आणि आपल्या रस्त्यावर आडवी येणारी गाय, उलट येणारी दुचाकी, मध्येच थांबणारी बस यांच्यापुढे रडार बिचारे काय करणार, हे वाचकांनीच ठरवावे. इंग्लंडातही पुढचे चित्र बदलते आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अंदाजपत्रकात तिथल्या सरकारने एप्रिल २०२८ पासून प्लगच्या हायब्रिडवर मैलामागे दीड पेन्स कर बसवण्याचे जाहीर केले आहे. भाच्याने फोनवर हे सांगितले तेव्हा त्याचा सूर जरा खट्टू होता.

दिवसपाळी त्याला अर्धीच मिळाली. पंधरवडा दिवसाची, पंधरवडा रात्रीची. रात्रीच्या पंधरवड्यात परतताना तो चिव्हली येथे गाडी थांबवतो. तिथल्या रस्तेनियमांच्या पुस्तकात झोप येऊ लागली तर सुरक्षित जागी थांबावे, दोन पेले कॉफी घ्यावी आणि निदान पंधरा मिनिटे डुलकी काढावी, असे छापलेले आहे. ते पान भाचेसुनेने फाडून गाडीच्या खणात ठेवले. थांबल्यावर तो तिला एका शब्दाचा संदेश पाठवतो, निघताना दुसरा. संदेश उशिरा आला तर ती फोन करते आणि तो चिडतो.

छपराचे पाच हजार शिल्लक राहिले. मे अखेरीस मी परतलो तेव्हा पाऊस तोंडावर होता, सुतार मिळेना. काम दिवाळीनंतर सुरू झाले. बहिणीने मला एकच विचारले, ती दोन इंजिनांची गाडी बंद पडली तर तिकडे दुरुस्त कोण करणार, आणि तू इतक्या लांब.